आजचा अर्क आजच

बबननं गावंडेसरांना फसवलं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. बबन पुण्याजवळच्या मांजरी गावचा शेतकरी, माझ्याकडे काकडी आणि दोडका घालणारा. त्यानं एका सरळ माणसाला फसवलं, आणि त्या माणसाच्या शब्दावर मी धंदा वाढवला म्हणून मीही फसलो. माझा राग अजून उतरलेला नाही. बोलायला गेलो की आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसलो.

मी भाजीवाला. हातगाडीवर सुरुवात केली, आता टेम्पो आहेत. मांजरीच्या मळ्यांतून माल उचलायचा आणि कर्वेनगरच्या सोसायट्यांच्या फाटकासमोर विकायचा, हा माझा उद्योग. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. सकाळी शेतकऱ्याशी भांडतो, दुपारी गिऱ्हाइकाशी भांडतो, रात्री घरी भांडायला कुणी तयार नसतं म्हणून लवकर झोपतो.

गावंडेसर मला पहिल्यांदा दिसले ते माझ्या पालकाची पानं उलटी करताना. उंच, किंचित वाकलेला माणूस, पांढरा बुशशर्ट, खिशाला भिंग अडकवलेलं. एकेक पान उचलायचं, खालची बाजू बघायची, परत ठेवायचं. मागे बायका खोळंबल्या होत्या.

मी म्हणालो, "काका, पालक घ्यायचाय की पालकाला मुलगी द्यायचीय?"

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "तुम्ही काहून चिडून राहिले बाप्पा? पान वरून हसते. दुखणं खालून असते. म्हणून पाहून राहिलो."

मग त्यांनी जुडी घेतली आणि मी सांगितला तो भाव मुकाट दिला. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. जो माणूस भाव पाडून मागत नाही त्याला एकतर माल नको असतो किंवा अक्कल नसते, असा माझा तोवरचा अनुभव. सर तिसऱ्याच जातीचे होते. त्यांना वाटायचं, समोरच्यानं सांगितलं म्हणजे ते तसंच असणार. हा त्यांचा एकुलता एक दोष, आणि आम्ही सगळे त्याच्यावर जगलो.

ते मूळचे अमरावतीकडचे. तिकडे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुलगा इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, तसे निवृत्तीनंतर काकूंना घेऊन कर्वेनगरला त्याच्या फ्लॅटवर आले. बाकीचे निवृत्त लोक सकाळी टेकडीवर फिरायला जातात. सर टेकडीवर घाणेरी तोडायला जात. पिशवीभर घाणेरीचा पाला घेऊन ते फाटकातून आत येताना वॉचमन रोज विचारायचा, "सर, हे तर शेळीपण खात नाही. तुम्ही काय करता?" सर रोज सांगत, "मी पण खात नाही."

ते त्याचा अर्क काढत. घाणेरी, निर्गुडी, कधी कडुनिंबाचा पाला, आणि सोबत भरपूर लसूण. पाट्यावर वाटायचं, पाण्यात भिजवायचं, जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळायचं आणि चहाच्या स्टीलच्या किटलीत भरायचं. भाजीच्या वेलांवर बुरशीचे रोग येतात, भुरी, केवडा, करपा. ते येऊ नयेत म्हणून हा अर्क पानांवर फवारायचा. नोकरीत असताना पोरांना शिकवण्यात वेळ गेला, आता हे करून बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या किटलीवरून सोसायटीत गमती होत. एकदा सेक्रेटरीनं चहा समजून कप पुढे केला होता.

गंमत अशी की हा एवढा वास पसरवणाऱ्या माणसाला स्वतःला वास येत नव्हता. करोनात गेला तो परत आलाच नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई लसणाच्या वासाची तक्रार घेऊन आल्या तेव्हा सर आनंदानं म्हणाले, "तुमच्यापर्यंत येते? म्हणजे आज चांगला जमला." बाईंना त्यात टोमणा दिसला. त्यात टोमणा नव्हता. अर्क बरोबर उतरला की नाही हे त्यांना दुसऱ्याच्या नाकावरून ठरवावं लागायचं. किटलीचं झाकण उघडून ते कुणाच्याही पुढे धरत, काकूंच्या, वॉचमनच्या, माझ्या. "वास घेऊन सांगा जी. लसूण लागते का?"

अर्काला कुणी औषध म्हटलेलं त्यांना चालत नसे. "औषध नाही भाऊ, हा पहारेकरी आहे. चोर घरात शिरून झोपल्यावर पहारेकऱ्याला हाका मारून उपयोग काय? रोग यायच्या आधी मारायचा, पानाच्या खालून मारायचा, आणि आजचा अर्क आजच." हे शेवटचं त्यांचं वाक्य काकूंनासुद्धा पाठ होतं. उरलेला अर्क ते संध्याकाळी फाटकाजवळच्या जास्वंदीच्या बुडाशी ओतून देत. किटली उलटी करून झटकत आणि घरी जात. उद्याला काही ठेवायचं नाही.

मला हे ओतणं बघवत नसे. माझ्या डोळ्यांना तिथे बाटल्या दिसत होत्या. लेबलं, झाकणं, गावोगावची दुकानं. मी किती प्रकारांनी समजावलं असेल. शेवटी ते म्हणाले, "बरं, भरून पाहा." एका सरबताच्या बाटलीत त्यांनीच अर्क भरून दिला. मी तो टेम्पोत सीटमागे ठेवला आणि विसरलो. काही दिवसांनी ऐन गर्दीत झाकण उडालं. कोथिंबीर निवडणाऱ्या एका आजींच्या नव्या साडीपासून टेम्पोच्या छतापर्यंत सगळं हिरवं झालं, आणि वास असा की आजींनी कोथिंबीर टाकून नाक धरलं. सर फाटकातच उभे होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मला विचारू नका हं. मला काही वास येऊन नाही राहिला." त्या दिवशी ते हसताना पहिल्यांदा दिसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आजींच्या साडीचं मी काय ते मिटवलं. पण सरांशी भांडायचं मनात आलं नाही, हे मला आजही आठवतं.

मीच त्यांना मांजरीला नेलं. बबनच्या मळ्यात. बबनला एक मुलगी, शाळेत विज्ञानात अडायची. सर मळ्यात आले की बांधावर बसून तिला शिकवू लागले आणि पोरगी पास झाली. तेव्हापासून बबनसाठी सर म्हणजे देवघरातली मूर्ती. ते आले की तो स्वतःच्या उपरण्यानं बांध झटकून द्यायचा.

सरांनी त्याच्याकडे काकडीच्या काही ओळी मागितल्या. निम्म्यांवर अर्क, निम्म्यांवर नुसतं पाणी. इथेच दोघांचं वाजलं.

"नुसतं पानी कशापायी, सर?" बबन म्हणाला. "चांगल्या येलाला पानी मारून रोगाची वाट बघायची? पाप हाय ते."

"आपल्या ओळी हिरव्या राहिल्या तर त्या अर्कामुळे राहिल्या की रोगच नव्हता आला, हे कसं कळेल? त्या पाण्याच्या ओळी सांगतील."

"आन तुमच्याच वळी पडल्या तर?"

"तर पडल्या. तेही कळलंच पाहिजे ना बबनराव. ते नाही कळलं तर मी इथे काय करून राहिलो?"

बबननं मान हलवली. ती होकाराची होती असं सरांना वाटलं. मी इतकी वर्षं शेतकऱ्यांशी व्यवहार करतोय. ती मान 'बघू' अशी हलली होती, हे मला कळायला हवं होतं.

वेल मांडवावर चढले. सर बसनं यायचे, मांडीवर किटली धरून. मग त्यांची बहीण अमरावतीला आजारी पडली आणि त्यांना जावं लागलं. अर्क कसा करायचा, कधी मारायचा, सगळं बबनला पुन्हा पुन्हा सांगून गेले. बबननं ते केलंसुद्धा, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पण हवा ढगाळ झाली ती उघडेचना. सर परत आले तेव्हा मी त्यांना टेम्पोत घालून थेट मळ्यात नेलं.

पाण्याच्या ओळी पिवळ्या पडून करपल्या होत्या. शेजारी अर्काच्या ओळी हिरव्यागार. हात लावला तर पान करकर वाजेल अशी.

चपला काढून सर ओळीत शिरले. भिंग काढलं, पानं उलटी केली, पुढच्या वेलाकडे गेले, परत मागे आले. मग बांधावर बसले आणि नुसते हसत राहिले. बबन त्यांच्याकडे न बघता पाइप सरळ करत होता.

"आज मारला का अर्क?" सरांनी विचारलं.

"सकाळीच, सर."

सरांनी एक पान खुडलं, स्वतःच्या नाकाशी नेलं, मग आठवण झाल्यासारखे थांबले आणि माझ्यापुढे धरलं. "बबनचं नाक तंबाखूनं गेलं. दत्ताभाऊ, तुम्ही सांगा. कशाचा वास लागते?"

मी तेव्हा फोनवर होतो. एका सोसायटीचा सेक्रेटरी रोजच्या भाजीचा करार करायला तयार होता, भावावर अडला होता. मी फोन कानाला ठेवूनच पान घेतलं, चेहऱ्याजवळ नेलं आणि म्हणालो, "लसूण. दुसरं काय?"

सरांनी डोळे मिटले. एवढंच.

पुढे मी थांबलो नाही. टेम्पोवर पाटी रंगवली, 'रासायनिक फवारणीविना भाजी'. सोसायट्यांशी बोलणी केली. बबनच्या आजूबाजूच्या शेतकऱ्यांना गोळा करून सरांना त्यांच्यापुढे उभं केलं. सर स्वतःहून बढाई मारणारे नव्हते. ते म्हणाले, एका मळ्यात एकदा जमलंय, अजून करून पाहायला पाहिजे. मी मध्येच बोललो, "सरांनी डोळ्यांनी पाहिलंय." सर म्हणाले, "हो, पाहिलं तर आहे." शेतकऱ्यांना तेवढं पुरलं. त्यांनी त्या हंगामात काकडीवर आणि दोडक्यावर फक्त अर्क मारला.

गणपतीच्या आगेमागे केवडा आला आणि सगळ्यांचे मांडव बसले. अर्क मारूनही बसले. शेतकरी माझ्या दारात, सोसायट्यांचे फोन माझ्या कानात. मी टेम्पो घेतला आणि कर्वेनगर गाठलं.

सर पार्किंगमध्ये होते, जास्वंदीला किटली रिकामी करत होते. मी गाडी मध्येच लावली. काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही. त्यांच्या वयाचा, त्यांच्या विद्येचा, त्यांच्या किटलीचा, कशाचाही मान ठेवला नाही. लोक गॅलरीत आले. काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. मी शेवटी ओरडलो, "माणसांची पिकं घातलीत तुम्ही तुमच्या खेळापायी."

सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग हळू म्हणाले, "माझ्या ओळी हिरव्या होत्या, दत्ताभाऊ. मी पाहिल्या होत्या. तुम्ही वाससुद्धा घेतला होता."

"मग आता काय झालं?"

"माझं काही तरी चुकलं असेल. ते मला शोधू द्या."

दुसऱ्या दिवसापासून ते मांजरीला येऊ लागले. एकेका शेतकऱ्याच्या दारात जायचे, हात जोडायचे, म्हणायचे, "मी गावंडे. माझ्या सांगण्यानं तुमचं पीक गेलं. मला एकदा वेल पाहू द्या." काहींनी सुरुवातीला तोंड फिरवलं. पण मेलेल्या मांडवाखाली वाकून हा म्हातारा पानं उलटी करतोय हे कुणाला बघवेना. कुणी चहा दिला, कुणी मेथीची जुडी हातात कोंबली. एकानं मला सांगितलं, "शेठ, त्यांना पाठवू नका. आमालाच लाज वाटती." मी कुठे पाठवत होतो? पण शेतकरी तसंच समजत होते, आणि मी खुलासा केला नाही.

दिवाळीच्या सुमारास बबनच्या मळ्यात माल मोजून घेत होतो. मी नेहमीप्रमाणे सरांच्या नावानं बोटं मोडत होतो. बबननं हातातली पाटी खाली ठेवली.

"सरांना नका बोलू, शेठ."

"का? तुझे गुरू म्हणून?"

"त्या वळींवर म्या औषध मारलं व्हतं. दुकानातलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सर अमरावतीला असताना अर्काच्या ओळींवरही केवड्याचे डाग आले होते. बबननं दुकानातून बुरशीनाशक आणलं आणि फक्त सरांच्या ओळींवर मारलं, सर आले त्या सकाळीसुद्धा अर्काऐवजी तेच. पाण्याच्या ओळी मरू दिल्या, कारण त्यांच्यावर नुसतं पाणीच मारायचं असं सरांनीच सांगितलं होतं.

"कशासाठी? तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई. सर बहिणीचं दुखणं काढून येनार. येऊन सोताचे येल मेलेले बघनार. आमच्या पोरीला शिकिवलं त्यांनी. मला न्हाई बघवलं असतं."

"अरे, त्यांना तेच बघायचं होतं."

"आता समजतंय, शेठ."

मी हात उचलला होता. मारला नाही. म्हणालो, "जा आणि त्यांना सांग."

"कसं सांगू?"

"तोंडानं सांग. ते बसनं दारोदार फिरतायत, मेलेली पानं उलटी करतायत. स्वतःची चूक शोधतायत, जी त्यांनी केलेलीच नाही."

बबन खाली बघत म्हणाला, "तुमी तं वास घेतला व्हता, शेठ. मला वाटलं आता कळनार. म्या पाइपाला हात लावून हुभा व्हतो. तुमी म्हनलात लसूण. मंग म्या काय बोलनार?"

मी पुण्यात आलो तेव्हा पहिलं काम केलं ते औषधांच्या दुकानात, पोती आणि डबे वाहायचं. शेतीची औषधं. तो उग्र वास माझ्या कपड्यांत, जेवणात, अंथरुणात होता. आजही कुणी झाकण उघडलं तर मी लांबून सांगेन. ते पान मी नाकाशी नेलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मी ते चेहऱ्याजवळ नेलं. फोन आणि गाल यांच्या मध्ये कुठेतरी. श्वास घेतला नाही.

आमचं ठरलं की बबननं सांगायचं. दिवाळी होऊ दे, म्हणाला. मग म्हणाला थंडीत सरांना खोकला असतो, जरा बरं वाटू दे. मी जोर केला नाही. त्यानं तोंड उघडलं असतं तर माझाही भाग बाहेर आला असता, पार्किंगमधला आणि बांधावरचा. मी इतका भांडखोर माणूस, पण त्या एका बाबतीत दर वेळी बबननं मागितलेली मुदत दिली. घासाघीस न करता.

त्यानंतर सर मला एकदाच भेटले. सकाळी टेम्पोपाशी आले, स्वेटर, मफलर, हातात किटली. पार्किंगच्या प्रसंगानंतर मी त्यांच्याकडे सरळ बघत नसे. ते मात्र पूर्वीसारखेच. लसणाच्या ढिगाशी उभे राहिले आणि एकेक गड्डा दाबून पाहू लागले.

"सापडलं बहुतेक, दत्ताभाऊ," ते म्हणाले. "लसूण जुना होता. पहिल्या वेळी ताजा मिळाला, नंतर सगळ्यांनी साठवणीतला वापरला. दुसरं काही दिसून नाही राहिलं मला. आता पुन्हा पहिल्यापासून करून पाहतो. बबनराव ओळी देतील ना?"

"देईल की," मी म्हणालो.

त्यांनी एक पाकळी नखानं सोलली आणि माझ्यापुढे धरली. "हा ताजा आहे ना? वास घेऊन सांगा."

या खेपेला मी घेतला. चांगला छातीभर. डोळ्यांत पाणी आलं.

"ताजा आहे, सर."

"झणका लागते?"

"लागतो."

समाधान झाल्यासारखी त्यांनी मान हलवली, सांगितला तो भाव दिला, लसूण किटलीत टाकला, आणि फाटकातून आत गेले. जास्वंदीपाशी थांबले, तिचं एक पान उलटं करून पाहिलं, मग जिन्याकडे वळले. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. सर, लसूण जुना नव्हता, एवढंच वाक्य. एका बाईनं वांग्यांचा भाव विचारला आणि मी भाव सांगितला.

त्याच आठवड्यात ते गेले. झोपेत. काकू म्हणाल्या, लसूण भिजत घालून झोपले होते.

सरांना पोचवायला मांजरीचे शेतकरी आले, ज्यांची पिकं गेली होती तेही. सगळ्यांत मोठ्यानं बबन रडला. लोक त्याला धरत होते, पाणी देत होते. एकजण मला म्हणाला, "केवढी भक्ती बघा." मला राग आला आणि मी बाजूला जाऊन उभा राहिलो. काकू त्या दिवशीही प्रत्येक शेतकऱ्याला सांगत होत्या, "त्यांच्या चुकीमुळे तुमचं नुकसान झालं, मनात ठेवू नका." प्रत्येकजण "नाही हो काकू" म्हणत होता. मी आणि बबनसुद्धा म्हणालो.

बबन, मी हे तुझ्यासाठी लिहिलंय. तुझी मुलगी वाचून दाखवेल. रडून झालं असेल तर आता कर्वेनगरला ये. काकू अजून त्या घरात आहेत आणि अजून माफी मागतायत. त्यांच्यासमोर, त्या शेतकऱ्यांसमोर उभा राहा आणि सांग, त्या ओळींवर काय मारलं होतंस. मुदत संपली. आणि तुझं बोलून झालं की मी शेजारीच उभा असेन. तिथे जे कोणी असतील त्यांनी मला विचारावं, पानाला वास कसला होता. मला हे कुणीतरी विचारलंच पाहिजे.